दाम्पालित म्हणजे आपला धापाच का? भाजी करता येईल?

मनिलाकरीण:
शेजारच्या लोलानं (इथे आजीला लोला म्हणतात) दाम्पालितचं लोणचं दिलं, त्याला आचारा म्हणतात. व्हिनेगर-साखरेत मुरवलेलं, आलं, लसूण, गाजर घातलेलं आणि पानं अगदी करकरीत. इतकं आवडलं की तिच्याबरोबर मनिलाजवळच्या मालाबोन शहरातल्या बाजारात जाऊन ताजी जुडीच आणली. निवडायला बसले तर सगळं ओळखीचं: लालसर रांगते दांडे, लांबट मांसल पानं, पानांच्या बेचक्यात गुलाबी चांदणीसारखं फूल. श्रीवर्धनला खाडीच्या बांधावर हाच धापा पसरलेला असायचा. घरात कुणी खाल्लेला मात्र आठवत नाही. तोच ना हा? भाजी करायची तर खारटपणा कसा काढू?

खाजणकाठचा:
तोच, ताई. सेसुवियम पोर्चुलाकॅस्ट्रम. घोळीसारखा दिसला तरी घोळीच्या कुळातला नाही. उष्ण प्रदेशातल्या बहुतेक किनाऱ्यांवर आणि बेटांवर सापडतो. दांडा टेकेल तिथे पेरातून मुळं फुटतात, म्हणून वाळू आणि बांध छान धरून ठेवतो. मालाबोनमध्ये दाम्पालित नावाचा एक बारांगायही (तिथला वॉर्डासारखा छोटा प्रशासकीय विभाग) आहे, याच वनस्पतीवरून.

हा जमिनीतलं मीठ पानात साठवतो. म्हणून कोवळे शेंडेच घ्या, भरपूर पाण्यात उकळा, पाणी ओतून द्या, पुन्हा एकदा तसंच करा. त्यानं ऑक्झलेटही (मुतखड्याला कारण ठरू शकणारं पानातलं द्रव्य) बरंच उतरतं. मग पिळून कांदा, हिरवी मिरची आणि ओल्या खोबऱ्यावर परता. चव घेतल्याशिवाय मीठ घालू नका.

खरी काळजी वेगळीच आहे. मिठासारखेच कॅडमियम, शिसं हे जड धातूही तो ओढून घेतो. दूषित जमीन साफ करायला त्याच्यावर संशोधन झालं आहे ते याच गुणामुळे. कारखान्याचं किंवा गटाराचं पाणी येतं तिथला धापा कितीही तजेलदार दिसो, खाऊ नका. उकळून धातू जातील या भरवशावर राहू नका. आमच्या ठाणे खाडीकाठचा मी कुणालाही खाऊ देत नाही.

रेवदंड्याची_सून:
माझ्या सासूबाईंना रक्तदाब आहे. त्यांना चालेल?

खाजणकाठचा:
नको, वहिनी. दोनदा उकळूनही मीठ उरतंच. मुतखडा असलेल्यांनीही टाळावा.

मनिलाकरीण:
मनापासून आभार, दादा! भाजीवाली म्हणाली होती की माल बांगुस माशांच्या तळ्यांच्या बांधावरचा आहे. पण तळं कुठलं आणि त्यात पाणी कुठून येतं, हे मी विचारलंच नव्हतं. लोलाला घेऊन पुन्हा जाते. तोवर जुडी तशीच ठेवते.