सल्ला हवाय: 'तंत्रज्ञान आणि प्रचार' यावर बोलायचंय, काय वाचू?

माठातलं_पाणी: मंडळी, आमच्या वाचनकट्ट्यावर पुढच्या महिन्यात मला अर्धा तास मिळालाय. विषय उत्साहाच्या भरात मीच देऊन बसलो. ते 'खोटं शंभरदा सांगा' वालं वाक्य हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याच्या नावावर खपवून चहाला उठायचं नाहीये. (ते त्याचं असल्याचा पुरावाही सापडत नाही म्हणे.) फार जाड काही सुचवू नका.

रातकिडा: जाडच सुचवतो. झाक एल्युल, बोर्दोच्या विद्यापीठातला प्राध्यापक. 'प्रोपगांडा' मूळ फ्रेंचमध्ये १९६२ला आलं, इंग्रजीत १९६५ला. त्याच्या मते प्रचार हे तंत्र आहे आणि तंत्राला एवढंच कळतं, काम होतंय की नाही. खऱ्या माहितीने होत असेल तर खरीच माहिती देतील. आणि यात आधी सापडतो शिकलेला माणूस. तो भरपूर वाचतो, त्यातलं बरंचसं पडताळू शकत नाही, तरी प्रत्येक गोष्टीवर त्याला मत हवंच असतं. हे वाचून मी दोन दिवस कुठेच प्रतिसाद दिला नव्हता. तिसऱ्या दिवशी दिला.

पाटावरची_मांजर: पुस्तकाचा सारांश ऐकायला कोण बसतंय? उदाहरणं घे. नाझींचा लोकरेडिओ, म्हणजे भाषणं घरोघरी पोचावीत म्हणून काढलेला स्वस्त रेडिओ, १९३३ला ७६ मार्कांना होता, १९३८चा छोटा ३५ला. भाषणं सगळ्यांना आठवतात, मला ती किंमत जास्त बोलकी वाटते. दुसरं २००८च्या निवडणुकीचं. ओबामांच्या प्रचाराच्या वेबसाइटवर फोटो, व्हिडिओ आणि बटणांच्या २४ जोड्या लोकांवर आजमावल्या. टीमची पसंती व्हिडिओला, पण नावनोंदणीत जिंकला कुटुंबाचा फोटो आणि 'अधिक जाणून घ्या' हे बटण. उमेदवार काय म्हणतोय, याचा इथे संबंधच नाही!

खानदेशी_ठेचा: आणि राईनपाडा? धुळे जिल्हा, साक्री तालुका, १ जुलै २०१८. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. भिक्षा मागत फिरणारी माणसं. तिथे कुठला पक्ष होता, कुठली टीम होती? एल्युलला विचारा.

रातकिडा: कबूल, त्याच्या चौकटीत हे नीट बसत नाही. पण उपाय काय झाला बघ. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. मजकूर खरा की खोटा, हा प्रश्न बाजूलाच. आकडा तेवढा बदलला.

माठातलं_पाणी: ठरलं, राईनपाड्यापासून सुरुवात. गोबेल्स कटाप. फक्त तो शिकलेल्या माणसाचा मुद्दा कसा मांडू? समोर सगळे निवृत्त प्राध्यापक असतात.

पाटावरची_मांजर: चहा देऊन झाल्यावर.