‘ऑफ-लेबल’ला मराठीत काय म्हणावं?

वेलांटी: रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकात ‘ऑफ-लेबल उपचारांचे जाणकार डॉक्टर कसे शोधावेत’ असा भाग आहे. कच्च्या मसुद्यात ‘अनधिकृत उपचार’ लिहिलंय. चालेल का?

खलबत्ता: मुळीच नाही. वाचणाऱ्याला ते बेकायदा वाटेल. इथे लेबल म्हणजे बाटलीवरची चिठ्ठी नव्हे, नियामक संस्थेने मंजूर केलेला मजकूर: औषध कोणत्या आजारावर, कोणत्या वयात, किती मात्रेत, कोणत्या मार्गाने द्यायचं. यातलं एक जरी बदललं तरी वापर ऑफ-लेबल. कर्करोगासाठी आलेलं बेव्हासिझुमॅब डोळ्यात टोचतात तेव्हा आजार आणि मार्ग दोन्ही बदलतात. औषधाला मान्यता असते, त्या वापराला नसते. म्हणून ‘मान्यतेपलीकडचा वापर’.

मात्रा: सहमत. फक्त ‘प्रायोगिक’ आणि ‘अपारंपरिक’ त्यात मिसळू नका. प्रायोगिक म्हणजे नैतिकता समितीची परवानगी आणि रुग्णाची लेखी संमती घेऊन चाललेली चाचणी. ‘अपारंपरिक’ तर इतका ढगळ शब्द आहे की त्यात काहीही मावतं. तिथे उपचाराचं नावच द्या.

वेलांटी: आणि ‘जाणकार’ ठेवू की ‘तज्ज्ञ’?

खलबत्ता: जाणकार. ‘ऑफ-लेबल’ची वेगळी पदवी नसते, त्यामुळे ‘तज्ज्ञ’ लिहिलंत की लोक नसलेली पाटी शोधत बसतील. शोध आधी आजारावरून घ्यायचा. त्या आजारावरचे अलीकडचे आढावा-लेख पबमेडवर (वैद्यकीय संशोधन-लेखांच्या मोफत ऑनलाइन सूचीवर) काढा, क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीत प्रमुख संशोधकांची नावं बघा. दुसरी वाट फार्मासिस्टची. उदाहरणार्थ नाल्ट्रेक्सोन, दारू आणि अफूवर्गाच्या व्यसनावरचं औषध. त्याची नेहमीची गोळी ५० मिलिग्रॅमची. मान्यतेपलीकडच्या, कमी मात्रेच्या वापरात साधारण १.५ ते ४.५ मिलिग्रॅम देतात. ५० ची गोळी सुरीने कापून ४.५ नेमके निघत नाहीत, म्हणून अशी मात्रा बनवून देणारा फार्मासिस्ट लागतो. हे औषध कोणते डॉक्टर लिहून देतात ते त्यालाच ठाऊक असतं. जाणकार डॉक्टरची पारखही इथेच होते: अफूवर्गातलं वेदनाशामक चालू आहे का, हे तो आधी विचारेल. चालू असेल तर नाल्ट्रेक्सोन त्याचा परिणाम अडवतं आणि औषध एकदम तुटल्याचा त्रास सुरू होऊ शकतो.

मात्रा: पत्रकात आणखी एक घाला. पहिल्या भेटीला एका पानाचा तक्ता न्यावा: निदान, आधी घेतलेली औषधं, प्रत्येकाची मात्रा, किती आठवडे घेतलं, का थांबवलं, शिवाय मूत्रपिंड-यकृताच्या तपासण्या आणि सध्या चालू असलेलं सगळं. ‘का थांबवलं’ हा रकाना बहुतेक जण कोरा सोडतात. गुण आला नाही की सोसलं नाही, यावरच पुढचा निर्णय ठरतो. डॉक्टरांना विचारायचं: पुरावा किती भक्कम आहे, देखरेख कशाची, किती दिवसांत गुण दिसला नाही तर बंद करायचं? मुरुमांसाठी स्पायरोनोलॅक्टोन (मूळचं रक्तदाब आणि सुजेवरचं औषध, त्याने रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं) देताना, विशेषतः मूत्रपिंड कमजोर असेल तर, पोटॅशियमबद्दल अवाक्षरही न काढणारा डॉक्टर जाणकार नव्हे. सगळ्या आजारांवर एकच औषध देणारा आणि ते स्वतःच विकणारा तर नकोच.

वेलांटी: विम्याचं?

खलबत्ता: मान्यतेपलीकडच्या वापराचा दावा नाकारला जाऊ शकतो, विमा कंपनीकडून आधीच लेखी घ्या. आणि ‘मिग्रॅ’ नको, ‘मिलिग्रॅम’ पूर्ण छापा. दशांश चिन्ह ठळक असू द्या, पुसट छपाईत ४.५ चे ४५ होतात.