लीग अखेर सुरू होतेय: तुमचा हंगाम सांगा

६ जानेवारी २०२६ला क्रीडामंत्र्यांनी तारीख जाहीर केली आणि जीव भांड्यात पडला. इंडियन सुपर लीगचा (आयएसएल), म्हणजे देशातल्या अव्वल फुटबॉल लीगचा, २०२५-२६चा हंगाम १४ फेब्रुवारीला सुरू होणार, सगळे १४ क्लब उतरणार. एरवी गणपती-नवरात्राच्या आसपास सुरू होणारी लीग यंदा होळीच्या तोंडावर आली. फुटबॉल महासंघाचा लीग चालवणाऱ्या कंपनीशी २०१० साली झालेला १५ वर्षांचा करार ८ डिसेंबरला संपत होता आणि पुढचं काहीच ठरलेलं नव्हतं, म्हणून जुलैमध्ये सगळं थांबलं. मग लीग चालवण्याच्या हक्कांसाठी निविदा निघाली, मुदत संपली, बोली एकही आली नाही. वर्ष उजाडलं तेव्हा सुनील छेत्री, गुरप्रीतसिंग संधू, संदेश झिंगन ही माणसं फिफाला साकडं घालताना दिसली. देशासाठी खेळलेल्या माणसांनी ‘आम्हाला खेळू द्या’ म्हणून हात जोडावेत, हे बघवत नव्हतं.

हे सहा महिने गेल्यावर कळलं की आपल्यातल्या कितीतरी जणांचं वर्ष या लीगभोवती बांधलेलं आहे. म्हणून हा धागा. नवा हंगाम म्हणजे तुमच्यासाठी काय, कुठल्या मैदानावरचा, कोणाबरोबरचा, ते लिहा. जुनी नॅशनल लीग, तिचीच पुढे झालेली आय-लीग, आताची आयएसएल, तिन्ही चालतील. दोन ओळी असतील तरी लिहा.

गिरगावहून, निवृत्त

माझी नोकरी मंत्रालयात. कूपरेजचं फुटबॉल मैदान तिथून चालत जाण्यासारखं. आमच्या पिढीला फुटबॉल म्हणजे मुंबईतलीच हारवूड लीग आणि रोव्हर्स कप. १९९६-९७ला नॅशनल लीग आली तेव्हा पहिल्यांदा असं वाटलं की कोलकाता, गोवा, पंजाब, केरळ सगळे एकाच तक्त्यात आले. पहिलं विजेतेपद फगवाड्याच्या जेसीटीने नेलं, बायचुंग भुतियाने त्या वर्षी १४ गोल केले. साहेबाला सांगून लवकर निघायचं, दुपारच्या उन्हात लाकडी बाकावर बसायचं, शेजारी पारशी काका, गोवन पोरं, माहीमचे, भायखळ्याचे. सगळे एकमेकांना चेहऱ्याने ओळखणारे. नावं माहीत नसायची.

२००५-०६ला महिंद्र युनायटेडने लीग जिंकली. प्रशिक्षक गोव्याचे डेरिक परेरा, पुढे घानाचा यूसुफ याकुबू. देशाचं विजेतेपद मुंबईत आलं आणि शहरातल्या बहुतेकांना पत्ताही नव्हता. आम्हाला मात्र तेव्हा आकाश ठेंगणं झालं होतं. आणि चारच वर्षांनी, २०१०ला, कंपनीने क्लब बंद केला. पुढचा हंगाम ठरल्या वेळी सुरू झाला, तक्त्यात आमचं नाव नव्हतं. मी त्या वर्षी कूपरेजला गेलो, मुंबई एफसी खेळत होती, एअर इंडिया खेळत होती, पण माझं लक्ष लागेना.

एक गोष्ट मुद्दाम लिहितो, तरुणांना माहीत नसते. आज भारताचे प्रशिक्षक असलेले खालिद जमील महिंद्रकडून खेळले, एअर इंडियाकडून खेळले, मुंबई एफसीकडून खेळले आणि तिथेच प्रशिक्षक झाले. मुंबई एफसी सोडून ते ऐझॉलला गेले आणि २०१६-१७ची आय-लीग जिंकून दाखवली. त्याच मोसमात मुंबई एफसी खालच्या श्रेणीत गेली. या शहरात फुटबॉलची माणसं तयार होतात, क्लब टिकत नाहीत. सहा महिने लीग बंद पडली तेव्हा मला धक्का बसला नाही, भीती वाटली. हे मी आधी पाहिलेलं आहे.

पुणे, कोथरूड

काकांनी लिहिलंय ते आम्ही पुण्यात दोनदा भोगलं. आधी पुणे एफसी. डेरिक परेरा महिंद्रनंतर आमच्याकडेच आले होते. २०१२-१३ला आम्ही आय-लीगमध्ये दुसरे आलो, चर्चिल ब्रदर्सच्या मागे. बालेवाडीच्या स्टेडियमला संध्याकाळी टेकडीकडून वारा यायचा आणि स्टेडियम एवढं मोठं की आमचा आवाज समोरच्या स्टँडपर्यंत पोचायचा नाही. तरी ओरडायचो. मग तो क्लब गेला.

तोवर २०१४ला आयएसएलमध्ये एफसी पुणे सिटी आली होती. पहिल्या वर्षी डेव्हिड ट्रेझेगे! वर्ल्डकप जिंकलेला माणूस बालेवाडीत. पण माझा खरा हंगाम २०१७-१८चा: मार्सेलिनियो, अल्फारो, आणि डाव्या बाजूने पळणारा लहानसा आशिक कुरुनियन. उपांत्य फेरी गाठली, बेंगळुरूने हरवलं. नारिंगी शर्ट घालून घरी परतताना वाटलं होतं, पुढच्या वर्षी नक्की. २०१९ला क्लबच संपला. आमची जागा हैदराबादला गेली, हैदराबादने २०२२ला करंडक जिंकला, आणि आता तो क्लबही दिल्लीला हलवलाय. हैदराबादच्या चाहत्यांचं काय झालं असेल ते पुण्याच्या माणसाला विचारा.

२०२३ला मुंबई सिटीचा आशियाई चॅम्पियन्स लीगचा सामना बालेवाडीत झाला, इराणच्या नासाजीशी. मुंबई ०-२ने हरली. मी गेलो होतो. गेटवर मला जुने चेहरे दिसले, आमच्याच स्टँडचे. कोणी मुंबईचं नव्हतं. सगळे फक्त तिथे दिवे लागलेत म्हणून आले होते.

फोंडा, गोवा

आमच्या घरात बाबा साळगावकर क्लबचे, काका धेंपोचे. लीग सुरू व्हायच्या आदल्या रविवारी जेवायला बसले की वाद सुरू. धेंपोने देशाची लीग पाच वेळा जिंकली, साळगावकरने दोनदा, चर्चिलने दोनदा. एवढ्याशा गोव्यातून! मुंबई-पुणेकरांना हे सांगताना आवाज थोडा चढतो, चढू दे.

२०१६ला धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब, तिघांनीही आय-लीग सोडली. महासंघाचा पुढचा आराखडा त्यांना मान्य नव्हता. त्या रविवारच्या जेवणाला वाद झाला नाही. बाबा आणि काका दोघेही एकाच बाजूला आले, आणि ती बाजू हरलेली होती.

आयएसएलमधली एफसी गोवा त्याआधी आली होती, ब्राझीलचा झिको प्रशिक्षक. मी तिच्यासोबत वाढलो. २०१५चा अंतिम सामना मडगावच्या फातोर्डा स्टेडियमला, चेन्नईविरुद्ध. ८७व्या मिनिटाला आपण २-१. ९०व्याला स्वयंगोल, भरपाईच्या वेळेत चेन्नईच्या मेंडोझाचा गोल, आपण २-३. स्टेडियमभर माणसं नुसती उभी होती. एप्रिल २०२४ला मुंबईविरुद्ध उपांत्य सामना, पुन्हा फातोर्डा, ९० मिनिटांपर्यंत आपण २-० पुढे, आणि शेवटच्या काही मिनिटांत मुंबईचे छांगटे, विक्रम प्रताप, परत छांगटे. २-३. एकाच मैदानावर दोनदा असं झालेला चाहता मी तरी दुसरा पाहिलेला नाही. तरी साखळीत अव्वल राहणाऱ्याला मिळणारी शील्ड २०१९-२०ला आमची, पहिलीवहिली. जमशेदपूरला ५-० मारून घेतली, आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात जाणारा पहिला भारतीय क्लब झालो.

आणि यंदाचं तर वेगळंच. देशात लीग बंद, आणि आमचा क्लब आशियाई स्पर्धेत खेळत होता. ऑगस्टला ओमानच्या अल सीबला २-१ने हरवलं. २२ ऑक्टोबरला सौदीची अल नासर, रोनाल्डोचा संघ, फातोर्डाला आली. रोनाल्डो आला नाही याची देशभर चर्चा झाली. मला आठवतो तो ब्रायसन फर्नांडिसचा गोल. गोव्याचा पोरगा, समोर अल नासर, आणि स्कोअर २-१. हरलो तितक्यानेच. समोरचे आपल्या लीगमध्ये दर आठवड्याला खेळून आले होते. आमच्या मुलांना खेळायला लीगच नव्हती. आमचा प्रशिक्षक मानोलो मार्केझने त्यांना कसं तयार ठेवलं असेल!

बांबोळी

मी इस्पितळात नर्स आहे. २०२०-२१चा अख्खा हंगाम गोव्यात झाला, प्रेक्षकांविना: फातोर्डा, वास्कोचं टिळक मैदान आणि आमच्या बाजूचं जीएमसी स्टेडियम. रात्रपाळीला येताना मैदानाचे दिवे लागलेले दिसायचे. वॉर्डमध्ये ऑक्सिजनवर माणसं. त्यातले कोणी कोणी विचारायचे, ‘सिस्टर, गोंयचें कितें जालें?’ मी फोनवर बघून सांगायची. एक वयस्क गृहस्थ होते, बोलताना धाप लागायची, बोटांनी विचारायचे, किती-किती. ते बरे होऊन घरी गेले. त्या वर्षी करंडक मुंबईने नेला, मोहन बागानविरुद्ध अगदी शेवटी बिपिन सिंगने गोल केला. मला खेळातलं फार कळत नाही. पण लीग ‘बंद पडली तर काय बिघडतं’ असं कोणी म्हटलं की मला ती बोटं आठवतात.

अंधेरी

माझी मुलगी आठ वर्षांची असताना तिला पहिल्यांदा अंधेरीच्या संकुलात नेलं. नोव्हेंबर २०१६, केरळाविरुद्ध. दिएगो फोर्लानने तीन गोल केले, मुंबई ५-०. तिला वाटलं, दर सामन्यात असंच होतं. तेव्हापासून आझादनगर मेट्रोला उतरणं हा आमचा दोघींचा कार्यक्रम. लहान स्टेडियम आहे, पण त्यामुळेच खेळाडूंचा आवाज ऐकू येतो, बूट घासल्याचा आवाज येतो. आज ती कॉलेजच्या संघात डाव्या बगलेला खेळते आणि कोणीही विचारलं तर सांगते, मी छांगटेला बघून शिकले.

फोंड्याच्या दादांना सांगते, तो एप्रिलचा सामना आम्ही घरी पाहिला. तिसरा गोल झाला तेव्हा शेजारी धावत आले. तुमच्यासाठी वाईट वाटलं, खरंच, पण दुसऱ्या दिवशी.

डिसेंबरात सिटी फुटबॉल ग्रुपने, म्हणजे मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, आमच्या मुंबई सिटी क्लबमधला हिस्सा सोडल्याची बातमी आली. २०१९ला त्यांनी ६५ टक्के घेतला होता, त्यांच्याच काळात दोन शील्ड, दोन करंडक आले. मुलगी अभ्यास सोडून दिवसभर फोनवर. गिरगावच्या काकांनी महिंद्रबद्दल लिहिलंय ते मी तिला वाचून दाखवलं नाही.

नागपूर

माझा मुलगा एका क्लबच्या राखीव संघात आहे. क्लबचं नाव लिहीत नाही. जुलैत प्री-सीझनला बोलावलं होतं, बॅग भरली होती, रेल्वेचं आरक्षण झालं होतं. आदल्या आठवड्यात निरोप आला, थांबा. मग पगार थांबला. वीस वर्षांच्या पोराला काय सांगायचं? फुटबॉलपटूचं वय एकोणीस ते तेवीस, तेवढ्यात कोणाच्या तरी नजरेत भरावं लागतं. अर्धं वर्ष गेलं ते परत कोण देणार?

तो रोज पहाटे मैदानावर जायचा. तिथे पोलिस भरतीची मुलं धावायची, त्यांच्याबरोबर धावायचा. त्यांच्यातला एक जण त्याला म्हणाला, भाऊ, तूही फॉर्म भर. त्याने घरी येऊन मला विचारलं, भरू का. मी गप्प बसलो, आई म्हणाली, भर. त्याने भरला.

गेल्या आठवड्यात क्लबकडून फोन आला. तो गेलाय. एकच फेरी, प्रत्येक संघाला १३ सामने. पहिल्या संघात एकदा जरी उतरला तरी आम्हाला पुरे.

म्युनिक

इथे उन्हाळ्यातच वेळापत्रक येतं आणि ऑफिसमधली माणसं त्यावरून सुट्ट्या टाकतात. २२ ऑगस्टला बायर्नने लाइपझिगला ६-० हरवून हंगाम उघडला, ती तारीख सगळ्यांना कधीपासून पाठ. मला हेवा वाटतो तो गोलांचा नाही, त्या खात्रीचा. आमच्या कोचीच्या मित्राने यंदा भारतात जायचं तिकीट तीनदा पुढे ढकललं, कारण घरचा सामना बघायचाय आणि तारीखच नाही.

कोल्हापूर

आमच्याकडं हंगाम सुरू व्हायला मंत्र्यानं तारीख सांगावी लागत न्हाई. खेळाडूंची नोंदणी सुरू झाली की पेठेत कळतं. यंदा पाटाकडील तालमीनं कोण घेतला, खंडोबाकडनं कोण सुटला, दिलबहारचा गोली कोण. आमच्या गावच्या केएसए लीगचा पहिला सामना आणि शाहू स्टेडियम गच्च. बायका-पोरं गॅलरीत. हरलं की चार दिवस दुसऱ्या पेठेतनं जायची सोय न्हाई.

आमचा अनिकेत जाधव २०१७ला सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप खेळला, मग आयएसएलमधी गेला, तवा तालमीतल्या टीव्हीवर जमशेदपूरचे सामने लागायला लागले. जमशेदपूर कुठं, कोल्हापूर कुठं. पण आपला गडी उतरणार म्हणून सगळे.

मला एकच बोलायचंय. एवढं प्रेक्षक असलेलं गाव, आणि राज्यात अव्वल लीगचा क्लब फक्त मुंबईचा. क्लब पेठेतनं उभा राहिला तर बंद करायला मालक कुठला? आमच्या तालमी शंभर वर्षं झाली तरी उभ्या हायत, कारण त्या कुणा एकाच्या न्हाईत. लीग चालवणाऱ्यांनी एकदा शाहू स्टेडियमला येऊन बसावं. तिकीट आमी काढू.

सावंतवाडी

आम्ही काही जण फातोर्डाला गाडी करून जातो, बांद्यावरून. यंदा एकच फेरी असल्याने गोवा-मुंबई सामना एकदाच होईल, आणि तो घरचा कोणाचा ते वेळापत्रक आल्यावर कळेल. फातोर्डाला पडला तर गाडी नक्की. साडेसातचा सामना असेल तर दुपारी निघू, रात्री उशिरा परत. कुडाळ किंवा वेंगुर्ल्याहून कोणाला यायचं असल्यास आत्ताच सांगा. अंधेरीच्या मायलेकी आल्या तर मडगाव स्टेशनवरून घेऊ. फोंड्याच्या दादांनी मात्र आमच्याच स्टँडमध्ये बसायचं.