मदत हवी आहे : नावाहो कोरीव मडक्याचा रंग सुटलाय

नमस्कार मंडळी,

ग्रँड कॅन्यनहून फिनिक्सला परतताना ॲरिझोनातल्या कॅमेरॉन गावाजवळ हायवेलगतच्या स्टॉलवर एका नावाहो (अमेरिकेतली एक मूळनिवासी जमात) बाईंकडून हे मडकं घेतलं. उंची ९ इंच. वरून काळा रंग, तो टोकदार हत्याराने खरवडून काढलेली नक्षी, आणि रेघांमधून दिसणारी खालची पांढरी माती. बोट फिरवलं की प्रत्येक रेघ नखाला लागते. मडकं साच्यातलं आहे, कोरीवकाम मात्र माझ्या हातचं, असं बाईंनी आपणहून सांगितलं आणि तळाची सही दाखवली.

आई सांगलीहून आलीय. तिने मागच्या आठवड्यात त्यात पाणी भरून शेवंती ठेवली. सकाळी टेबलावर ओलं कडं उमटलेलं आणि तळाशी बोटाच्या पेराएवढी खपली निघालेली. आता वाळल्यावर रेघांत पांढरी भुकटी दिसतेय. आईला फार लागलंय ते.

भुकटी कशी काढू? आतून वॉर्निश मारलं तर चालेल का? नावाहो लोक भांड्याला पिन्यन (पाइनचा एक प्रकार) झाडाचा डिंक लावतात असं वाचलं, तो लावता येईल का?

प्रतिसाद :
भुकटी म्हणजे पाण्यातले क्षार. कोरड्या, मऊ ब्रशने अलगद झटका. ओलं फडकं लावू नका, क्षार विरघळून परत आत जातात. मडकं सावलीत जाळीवर उपडं ठेवा, चांगले आठ-दहा दिवस. ओव्हन नकोच. वॉर्निशही नको, आतली ओल कोंडली तर आणखी खपल्या निघतील.

डिंकाची भांडी वेगळी. मातीच्या वळ्या एकावर एक चढवून हाताने घडवतात, उघड्यावर लाकडांत भाजतात आणि गरम असतानाच वितळलेला डिंक चोळतात. म्हणून ती पाणी धरतात. ती तपकिरी चकाकी आणि ज्वाळांनी भांड्यावर उमटलेले ढगांसारखे काळसर डाग एकदा तरी डोळ्यांनी बघा! ॲरिझोनातल्याच शोंटो-काउ स्प्रिंग्ज भागातल्या रोज विल्यम्स आणि त्यांची मुलगी ॲलिस क्लिंग यांचं काम आवर्जून शोधा. तुमचं रंगवलेलं मडकं मात्र डिंक लावायला तापवू नका.

खपलीच्या जागी दुसरा रंग लावू नका. तुकडा असेल तर जपून ठेवा आणि पुन्हा तिकडे गेलात तर त्या बाईंनाच दाखवा. फुलांसाठी आत काचेचा पेला ठेवा.

धागाकर्ती :
खूप आभार! तुकडा आईनेच रुमालात बांधून ठेवलाय. मडक्याचं तोंड अरुंद आहे, पेला जात नाही. मसाल्याची उंच बाटली मात्र बरोबर बसली.