‘पर्सनल ब्रँडिंग’ला आपल्यात काय म्हणायचं?

सातरस्ता: नोकरी शोधणाऱ्या पोरांसाठी एक पत्रक मराठीत करायलोय, पहिल्याच वाक्यात अडलोय. पर्सनल ब्रँडिंग म्हणजे आपलं वेगळेपण लोकांच्या लक्षात राहील असं मांडणं. ‘स्वतःचं ब्रँडिंग करा’ लिहिलं तर बीकॉमची एक मुलगी म्हणाली, सर म्हणजे स्वतःला विकायचं का? तिला तसं वाटणार नाही असा शब्द सुचवा, उद्या छापायला द्यायचंय.

नवीपेठ: ब्रँडला नाममुद्रा आहे की, पेपरात येतो. ‘स्वतःची नाममुद्रा घडवा.’

शेंगाचटणी: नाममुद्रा म्हटलं की पोरांना रबरी शिक्का वाटंल. ब्रँडच ठेवा, आमची आज्जीपण दुकानात ‘ब्रँडेड हाय का’ विचारते, आता तो आपलाच शब्द झालाय.

मास्तर: आपला कसा? ब्रँड म्हणजे मुळात तापलेल्या लोखंडानं जनावराला दिलेला डाग. अकबराच्या काळी घोड्यांना सरकारी डाग द्यायचे, त्या पद्धतीलाच ‘दाग’ म्हणत. माणसाला कशाला डागायचं? आपल्याकडं नाव कमावणं आहे, नाव काढणं आहे. आणि ते लोकांनी घ्यायचं असतं, आपली स्तुती आपणच करणाऱ्याला रामदासांनी मूर्खात धरलंय.

टॅलीवाली: मास्तर, राग मानू नका पण लोकांनी नाव काढेपर्यंत घरभाडं कोण भरणार? मी दोन वर्षं बायोडेटात ‘मेहनती व प्रामाणिक’ लिहीत होते, एका मुलाखतीत विचारलं तुमचं वेगळं काय, तर तोंडातून शब्द फुटला नाही, रिक्षात रडत आले. मग ते काढून ‘तीन यंत्रमागवाल्यांचे जीएसटी रिटर्न वेळेत भरते’ एवढंच लिहिलं आणि फोन यायला लागले. यात स्तुती कुठाय? बोलणाऱ्याचे हुलगे खपतात, न बोलणाऱ्याचे गहू खपत नाहीत, हेपण आपल्याच म्हाताऱ्यांनी सांगितलंय.

नवीपेठ: ही कल्पनाच बाहेरची आहे, व्यवस्थापनावर लिहिणाऱ्या टॉम पीटर्सनं 1997 ला अमेरिकेतल्या फास्ट कंपनी मासिकात मांडली, म्हणून शब्द सापडेना.

पूर्वभाग: माझं मत ‘छाप’. मालावर असते तीपण छाप आणि माणूस पाडतो तीपण छाप. आमचे वडील जकार्ड मागावर होते, म्हणजे कार्डांच्या भोकांवरून नक्षी विणणाऱ्या मागावर, चादरीत नाव विणायचं म्हटलं की त्या अक्षरांची पुठ्ठ्याची कार्डं वेगळी पंच करावी लागायची, एक भोक चुकलं की अक्षर वाकडं. शिवलेलं लेबल चार धुण्यांत उसवतं, विणलेलं नाव चादर फाटंपर्यंत राहतं. टॅलीवाल्या ताईंचं ते जीएसटीचं वाक्य तसलंय.

शेंगाचटणी: ‘अंगठाछाप’पण छापच की वो!

मास्तर: विणलेल्या नावाचं पटलं. पण छाप ‘पडते’, ‘छाप तयार करा’ असं मराठीत होत नाही.

टॅलीवाली: आणि मास्तर, डाग वाईटच कशाला? आमची आई दागिन्यांना ‘चार डाग’ म्हणते.

नवीपेठ: तो डाग वेगळा, त्याचा अर्थ नग. एसटीत सामान चढवताना ‘किती डाग हायत’ विचारायचे, तोच.

मास्तर: वेगळा कसा? मालाच्या गठ्ठ्यावर खूण करायचे, खुणेवरून मोजायचे, म्हणून नगाला डाग म्हणायला लागले. माझा तर्क आहे, पण शब्द एकच असणार.

पूर्वभाग: आमच्याकडं चादरींचे गठ्ठे ट्रान्सपोर्टला जायचे तेव्हा तागाच्या पोत्यावर शाईनं नाव आणि नंबर घालायचे, आणि पावतीवर ‘डाग 12’ असं लिहिलेलं असायचं. मास्तर म्हणतात ते बरोबर असंल.

सातरस्ता: अहो, मग पत्रकात काय लिहू?

नवीपेठ: पावतीवर डाग आधी की नंबर आधी?