ऊन न येणाऱ्या खोलीसाठी निळसर करडा की फिकट बदामी?

प्रश्न:
आमच्या अभ्यासिकेला एकच खिडकी असून तिच्यातून थेट ऊन कधीच आत येत नाही. भिंतींसाठी निळसर करडा आणि फिकट बदामी या दोन छटांपाशी घोडे अडले आहे. शेडकार्डावर करडा फार शांत वाटतो, परंतु भिंतीवर तो उदास दिसेल अशी धास्ती आहे. खोलीचा वापर मुख्यतः संध्याकाळनंतर होतो. थंड रंगाने खोली मोठी भासते, हे कितपत खरे?

प्रतिसाद १:
अशा खोलीत येणारा उजेड प्रामुख्याने आकाशाचा, म्हणजे मुळातच निळसर असतो. त्यामुळे कार्डावर जेमतेम निळी झाक असलेला करडा तिथे सरळ निळा दिसू लागतो. माझी करडी भिंत ढगाळ दिवशी पाटीसारखी दिसे, आणि शेजारच्या मोतिया रंगाच्या दारामुळे ते निळेपण अधिकच डोळ्यांत भरे. वर्षाच्या आत रंगारी पुन्हा बोलवावा लागला. माझे मत बदामीला.

प्रतिसाद २:
वरील अनुभव दिवसाच्या उजेडाचा आहे. वापर संध्याकाळनंतरचा असेल, तर आधी दिवा पाहावा. २७०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचे माप) पिवळसर दिवा करड्यातील निळेपण बरेचसे मारतो आणि बदामीला आणखी पिवळे करतो. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्याखाली तीच बदामी मळकट वाटू शकते. खोली मोठी भासणे मात्र थंड-उबदारपणापेक्षा रंगाच्या फिकेपणावर अधिक अवलंबून असते, म्हणून छटेच्या माहितीत परावर्तन मूल्य, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो त्याचा आकडा, दिलेले असल्यास तेही पाहावे. ते ० ते १०० या मापात असते आणि जितके जास्त तितका रंग फिकट.

प्रतिसाद ३:
नमुन्याचे पट्टे जुन्या भिंतीवर मारू नका, कारण शेजारचा जुना रंग नव्या छटेला फसवा करतो. मोठ्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर रंगाचे दोन हात द्या, कडेला पांढरी किनार सोडा आणि पूर्ण वाळू द्या (इमल्शन ओले असताना बहुधा फिकट दिसते). पुठ्ठा टेबलावर आडवा ठेवून पाहू नये. तो खिडकीच्या भिंतीला आणि तिच्या समोरच्या भिंतीला उभा टेकवून, सकाळी व रात्री दोन्ही वेळा पाहावा. फरशी लालसर असेल, तर तिची झाक भिंतीच्या खालच्या भागावर पडते, हेही त्यातच लक्षात येईल.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. दिव्याचे खोके शोधून काढले, त्यावर ६५०० केल्विन छापलेले आहे. आधी दिवा बदलतो, मग पुठ्ठे रंगवतो.