तीन गर्भपातांनंतर पुन्हा प्रयत्न करावा का? अनुभवी व्यक्तींकडून मदत हवी आहे

नमस्कार. मी उदगीरची. वय ३४. एका डाळ मिलमध्ये हिशेबाचे काम पाहते. यजमानांचे मोंढ्यात कृषी सेवा केंद्र आहे. लग्नानंतर तीन वेळा दिवस गेले आणि तिन्ही वेळा गर्भ टिकला नाही. पहिल्या दोन वेळी सोनोग्राफीत पिशवी दिसली, पण ठोके आलेच नाहीत. तिसऱ्या वेळी ठोके आले, डॉक्टरांनी ते आम्हा दोघांना ऐकवले, आणि अकराव्या आठवड्यातल्या तपासणीत ते बंद पडलेले आढळले. आता पुन्हा प्रयत्न करायचा की इथेच थांबायचे, हे आम्हाला ठरवायचे आहे. "देव देईल" असे म्हणणाऱ्यांची माया मला कळते, तुळजापूरचा नवसही बोलून झाला आहे, पण ठरवायचे कशाच्या आधारावर हे कोणी सांगत नाही, म्हणून लिहीत आहे.

आधी वैद्यकीय बाजू सांगते. थायरॉईड, तीन महिन्यांची सरासरी साखर, गर्भाशयाची थ्रीडी सोनोग्राफी आणि आम्हा दोघांच्या गुणसूत्रांची तपासणी, हे सगळे नॉर्मल आले आहे. टॉर्चची, म्हणजे गर्भाला बाधणाऱ्या काही संसर्गांची रक्ततपासणी तर प्रत्येक नव्या डॉक्टरांनी नव्याने करायला लावली. माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने 'बीओएच' (बॅड ऑब्स्टेट्रिक हिस्टरी, म्हणजे आधीची गर्भारपणे बिघडल्याची नोंद) लिहिलेले आहे आणि काउंटरवरची मुलगी ती अक्षरे पाहिली की माझ्याशी एकदम हळू आवाजात बोलू लागते. एवढ्या कागदांत वेगळे काही असेल तर ते एकच, की अँटिकार्डिओलिपिन नावाच्या, रक्ताच्या गुठळ्यांशी संबंधित प्रतिपिंडांच्या तपासणीचा आकडा मर्यादेपेक्षा किंचित वर आला आहे.

या एका आकड्यावरून दोन डॉक्टरांनी दोन टोकाचे सल्ले दिले. एका मोठ्या शहरातील केंद्रात आम्हाला संपूर्ण 'पॅकेज' समजावून सांगण्यात आले. त्यात दिवस राहण्याआधी यजमानांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून त्यांची इंजेक्शने मला द्यायची, आणि दिवस राहिल्यावर रोज पोटात रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपॅरिनचे इंजेक्शन, ॲस्पिरिन आणि प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सुरू करायचे, असे होते. खर्च ऐकून यजमान गप्प बसले. आमच्या शेतातल्या सोयाबीनचा अख्खा हंगाम त्यात गेला असता. दुसऱ्या डॉक्टर लातूरच्या, वयाने मोठ्या आहेत. त्यांनी सगळी फाइल उलटीसुलटी वाचून सांगितले की बारा आठवड्यांनी तीच रक्ततपासणी पुन्हा करा, तेव्हाही ती वाढलेली आली तरच हेपॅरिनचा विचार करू, आणि ती नॉर्मल आली तर फॉलिक ॲसिडशिवाय काहीही न घेता पुन्हा प्रयत्न करायला हरकत नाही.

दुसरा सल्ला मला पटतो, पण तो मानणे पहिल्यापेक्षा कितीतरी जड आहे, आणि माझी अडचण खरे तर इथेच आहे. इंजेक्शने चालू असली की आपण काहीतरी करत आहोत असे वाटते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे घरच्यांनाही तसे दिसते. औषध चालू असताना गर्भ गेला तर "नशीब" म्हणतात. औषध न घेता गेला तर "हिने हयगय केली" म्हणतील. तिसऱ्या वेळी माझ्या स्कूटीवर ठपका आला होता, त्याआधी लातूरच्या एसटी प्रवासावर, आणि त्याच्याही आधी कोणाच्या तरी शेतात खाल्लेल्या पपईच्या दोन फोडींवर. यंदा येळवशीला (वेळ अमावास्येला) सगळा गोतावळा शेतात जमला होता. भज्जी-आंबिलीची पंगत उठल्यावर एका चुलत सासूबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले की पिशवीच खराब असेल तर काढून टाक, म्हणजे जिवाची कटकट संपेल. त्या बीडकडच्या आहेत आणि त्यांच्या भावकीतल्या ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांनी असेच केलेले त्यांनी पाहिले आहे. त्या माझ्या वाईटावर नव्हत्या, हे मला माहीत आहे. तरीही नणंदेच्या डोहाळजेवणात त्यांनीच, ओटी भरायला मी उठले तेव्हा, "तू राहू दे, दमली असशील" असे म्हणून माझ्या हातातले तांदळाचे ताट काढून घेतले होते.

यजमान म्हणतात, आता पुरे. मला ते मनापासून म्हणतात की माझी दया येऊन म्हणतात, हे समजत नाही. तिसऱ्या वेळी पिशवी साफ केल्यानंतर रुग्णालयाने तपासणीचा नमुना प्लास्टिकच्या छोट्या बरणीत भरून, कॅरिबॅगेत घालून त्यांच्याच हाती दिला आणि "तेवढा लॅबला टाकून या" असे सांगितले. मोटारसायकलच्या हँडलला ती पिशवी अडकवून ते गावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेले. त्याविषयी ते आजवर एक शब्द बोललेले नाहीत. मला ते कंपाउंडरकडून कळले. त्या नमुन्याचा रिपोर्ट "गर्भाच्या ऊती आढळल्या" एवढाच आला.

म्हणून विचारते. कोणतेही विशेष औषध न घेता पुन्हा प्रयत्न करण्याचा सल्ला कोणी मानला आहे का, आणि मानला असेल तर दिवस राहिल्यापासूनचे ते आठवडे कसे काढले? कुठपर्यंत प्रयत्न करायचे याची मर्यादा तुम्ही आधी ठरवली होती की ती आपोआप ठरली? ज्यांनी थांबायचे ठरवले त्यांनीही मोकळेपणाने लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद: गोदाकाठची

ताई, मी नांदेडची. माझे दोन गर्भ गेले, त्यानंतर मुलगी झाली. ती आता बालवाडीत जाते. आम्हालाही हैदराबादेत पांढऱ्या पेशींच्या इंजेक्शनांचा सल्ला मिळाला होता. माझा भाऊ औषधनिर्माण शास्त्र शिकवतो. त्याने शोधून सांगितले की अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ मध्येच हा उपचार संशोधनाबाहेर करण्यास मनाई केली आहे आणि युरोपातील तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनाही तो करू नका असेच सांगतात. आम्ही तो घेतला नाही. लातूरच्या डॉक्टरांचे ऐकावे असे मला वाटते.

ते आठवडे कसे काढले, याविषयी. सहाव्या आठवड्यापासून दर आठवड्याला एक छोटी सोनोग्राफी करू द्यावी, अशी विनंती मी डॉक्टरांना केली आणि त्यांनी ती मान्य केली. त्याने गर्भ टिकतो असे नव्हे, पण पुढचा आठ महिन्यांचा डोंगर न पाहता पुढच्या सोमवारपर्यंतच पाहायची सवय लागते. घरी तीन महिने कोणालाही सांगितले नाही. सासूबाईंना नंतर राग आला, तो बाळ झाल्यावर गेला. तुमच्या घरी हे जमेल की नाही, हे तुम्हीच जाणता. एकत्र कुटुंबात उलट्या लपवणे हे स्वतंत्र काम असते.

प्रतिसाद: स्त्रीरोग_परभणी

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तुम्हाला न तपासता उपचार सुचवणे योग्य नाही, परंतु काही गोष्टी सर्वांनाच लागू होतात, त्या लिहितो.

पहिल्या तीन महिन्यांत जाणाऱ्या गर्भांपैकी साधारण निम्म्यांमध्ये गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते. ती चूक बहुतेक वेळा स्त्रीबीज तयार होतानाच झालेली असते. स्कूटी, एसटी, पपई यांचा तिच्याशी संबंध नाही. सक्तीच्या अंथरुणातील विश्रांतीने गर्भपात टळतो असे कोणत्याही अभ्यासात सिद्ध झालेले नाही. वारंवार गर्भपाताचे कारण शोधण्यासाठी टॉर्च तपासणीची गरज नसते. आमच्याच व्यवसायाने लावलेली ती सवय आहे आणि ती सुटायला हवी. गर्भाशय काढण्याचा तर इथे प्रश्नच उद्भवत नाही. बीड जिल्ह्यात २०१९ च्या सरकारी सर्वेक्षणात ऊसतोड करणाऱ्या तेरा हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले होते. "पिशवी काढून टाका" हा सल्ला आपल्या भागात इतक्या सहज का दिला जातो, ते त्यावरून समजावे.

अँटिकार्डिओलिपिनबाबत लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलेलीच पद्धत योग्य आहे. साध्या तापानेही हा आकडा तात्पुरता वाढतो. म्हणून किमान बारा आठवड्यांच्या अंतराने दोन्ही वेळा तो मध्यम किंवा जास्त प्रमाणात वाढलेला असेल तरच त्याला दोष मानतात, आणि त्याच्यासोबत ल्युपस अँटिकोॲग्युलंट व बीटा-टू ग्लायकोप्रोटीन या दोन तपासण्याही पाहाव्या लागतात. त्या झाल्या नसतील तर या वेळी करून घ्या. तुमचा तिसरा गर्भ दहा आठवडे ओलांडून गेला असल्याने ही तपासणी टाळू नये. दोष निश्चित झाला तर ॲस्पिरिन आणि हेपॅरिन यांचा उपयोग होतो. तो नसेल तर कारण न सापडलेल्या स्त्रियांमध्ये या औषधांनी मूल होण्याचे प्रमाण वाढलेले नाही. प्रोजेस्टेरॉनचे थोडे वेगळे आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत, ज्यांचे आधी तीन किंवा अधिक गर्भपात झाले होते आणि ज्यांना चालू गर्भारपणात रक्तस्राव होऊ लागला होता, अशा स्त्रियांमध्ये योनिमार्गे प्रोजेस्टेरॉन दिल्यावर मूल जन्मण्याचे प्रमाण ५७ वरून ७२ टक्क्यांवर गेले. म्हणजे लाल डाग दिसताच डॉक्टरांना कळवा, हे आजच ठरवून ठेवा.

सर्व तपासण्या नॉर्मल असलेल्या जोडप्यांना पुढच्या गर्भारपणात मूल होण्याचे प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत साधारण ६० ते ७५ टक्के आढळते. वय वाढते तसे ते घटते. मात्र ३४ व्या वर्षी घाईघाईने पॅकेज घेण्यासारखी परिस्थिती नसते.

शेवटी त्या बरणीविषयी. नमुना फॉर्मॅलिन या टिकवून ठेवणाऱ्या द्रावणात ठेवला की पेशी मरतात आणि त्या वाढवून गुणसूत्रे पाहता येत नाहीत. पुढे कधी दुर्दैवाने वेळ आलीच, तर नमुना निर्जंतुक सलाइनमध्ये गुणसूत्र तपासणीसाठी पाठवावा, असे आधीच लेखी सांगून ठेवा. गर्भात गुणसूत्रांची चूक निघाली तर निदान कारण तरी हाती येते. आणि तो नमुना पोहोचवणे हे रुग्णालयाचे काम आहे, नवऱ्याचे नव्हे.

प्रतिसाद: बालाघाट

आम्ही थांबलो, म्हणून लिहिते आहे. चौथ्या वेळेनंतर थांबलो. थांबण्याविषयी कोणी सांगत नाही अशी एक गोष्ट आहे. तोंडाने "आता नको" म्हटले आणि गर्भनिरोधक काहीच वापरले नाही, तर ते थांबणे नव्हे. पाळी दोन दिवस पुढे गेली की पुन्हा तेच मोजणे, तीच आशा, तीच भीती. असे जवळजवळ वर्षभर चालले आणि प्रत्यक्ष प्रयत्नांच्या काळापेक्षा ते जास्त पोखरणारे होते. शेवटी मी तांबी बसवून घेतली. आरोग्य केंद्रातील सिस्टरांनी "मुले किती?" असे विचारले, "नाहीत" म्हटल्यावर त्यांनी हातातले पेन खाली ठेवले आणि माझ्याकडे पाहत राहिल्या. समजावून सांगावे लागले. पण त्यानंतरच मला झोप लागू लागली.

तांबी काढता येते, हेही लक्षात ठेवा. तुमच्या यजमानांचे "पुरे" खरे आहे का हे ओळखायचे असेल, तर कायमचे थांबण्याऐवजी ठरावीक मुदतीपुरते थांबू या, असे म्हणून पाहा आणि त्यांचा चेहरा पाहा. माझ्या नवऱ्याने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितले की चारही वेळा त्याला मूल जाण्यापेक्षा मी जाईन याची जास्त भीती वाटली होती.

दत्तकासाठी आम्ही 'कारा' या केंद्रीय दत्तक यंत्रणेच्या संकेतस्थळावर नाव नोंदवले आहे. प्रतीक्षा काही वर्षांची आहे. लोक "दत्तक घेतले की स्वतःचे होते" असे म्हणतात, त्यांना मी उत्तर देणे सोडले आहे. झोप उडाली असेल, रडू थांबत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. मी बोलले आहे.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टर, आपण सांगितलेल्या इतर दोन तपासण्या माझ्या फाइलमध्ये नाहीत; आत्ताच पाहिले. बारा आठवडे पुढच्या महिन्यात पूर्ण होतील, तेव्हा तिन्ही एकदमच करून घेते. पॅकेजला नकार कळवायचे आम्ही काल रात्री ठरवले.

बालाघाट ताई, तुमचा प्रतिसाद मी यजमानांना वाचायला दिला. त्यांनी तो दुकानात बसून वाचला आणि संध्याकाळी घरी आल्यावर बरणीचा विषय स्वतःहून काढला. बोलणे अर्धवटच झाले, कारण जेवायला पाहुणे होते. तपासणीचा निकाल येईपर्यंत निर्णय घ्यायचा नाही आणि तोपर्यंत खबरदारी घ्यायची, एवढ्यावर आमचे एकमत झाले आहे.

जाता जाता आणखी एक विचारायचे आहे. गर्भपातानंतर सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यापासूनच आहे, असे एका मैत्रिणीने सांगितले. मिलने माझे ते दिवस बिनपगारी धरले आहेत. वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून आता अर्ज केला तर चालेल का, आणि तो मालकांच्या नावे लिहावा की व्यवस्थापकांच्या, हे कोणाला माहीत असल्यास कृपया सांगावे.